सरांचा डावा गुडघा

सरांनी आपला वर्ग पहिल्यांदा पाहिला तो खुर्चीवर बसून, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या अवस्थेत. आणि पाहिला तेव्हा त्यांना वाटले, शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेली भूल अजून पुरती उतरलेली नाही.

समोर वीसेक माणसे एका लयीत लंगडत होती.

लंगडणे म्हणावे तर ते फार थोडे होते. उजव्या पायावरचा भार डाव्याकडे निघाला, की वाटेत कुठेतरी, अर्ध्या श्वासापुरते, सगळे थबकत. कंबर किंचित उजवीकडे वळे, पुढचा हात बोटभर खाली येई, आणि मग डावा पाय असा टेकवला जाई, जसा कोणी कढत पाण्याचा अंदाज घेत घंगाळात पाय घालावा. त्यानंतर सगळे पुन्हा संथ, वाहते. पुढच्या पावलाला पुन्हा तेच. पहिल्या रांगेतले निवृत्त न्यायाधीश थबकले. मधल्या रांगेतल्या बायका थबकल्या. शेवटच्या रांगेत, पार्सले पोचवणारा तो काडीसारखा तरुण, ज्याला त्याच्या अंगकाठीमुळेच सगळे 'पहिलवान' म्हणत, तोही डोळे अर्धवट मिटून, मोठ्या भक्तिभावाने थबकला.

सरांनी ते थबकणे ओळखले. आपले हस्ताक्षर दुसऱ्याच्या कागदावर दिसावे, तसे ओळखले.

पंधरा वर्षे शिकवणाऱ्या माणसाने आपला वर्ग पाहिलेला नसावा, हे ऐकायला विचित्र वाटते; पण ताई ची, म्हणजे ती संथ चिनी युद्धकला, शिकवणारा विद्यार्थ्यांकडे पाठ करून उभा राहतो. त्याची पाठ हाच फळा. मागच्यांनी त्या पाठीकडे पाहत आपापली अंगे वळवायची. गाद्यांच्या दुकानावरच्या त्या लांबट हॉलमध्ये आरसा नव्हता. आरसा डोळ्यांना शिकवतो, अंगाला नाही, असे सरांचे गुरू म्हणत, आणि सरांनी ते वाक्य वारशासारखे जपले होते. चुका दुरुस्त करायच्या तर सर टाळी वाजवत. टाळीसरशी सगळे जागच्या जागी गोठत आणि सर रांगांमधून फिरून कोणाचे कोपर खाली दाबत, कोणाची मान सरळ करत. पण ही चूक कुठल्याच स्थितीत नव्हती. ती दोन स्थितींच्या मधल्या पोकळीत राहत होती, जिथे टाळी पोचत नाही.

गुडघ्याचा इतिहास तसा सांगण्यासारखा नव्हता, म्हणूनच तो कधी सांगितला गेला नव्हता. वर्ग सुरू करण्याच्या आदल्याच महिन्यात सर स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट बदलायला स्टुलावर चढले होते आणि स्टुलाने त्यांचा तोल काढला होता. शरीराच्या समतोलावर ज्याने आयुष्य वाहिले, त्याला एका तीन पायांच्या लाकडी वस्तूने चीत करावे, ही गोष्ट चारचौघांत बोलायची नव्हती. कोणी विचारलेच, तर सर खिडकीबाहेर पाहून म्हणत, "जुनी गोष्ट आहे." एवढ्या तीन शब्दांवर वर्गाने एक अख्खे युद्ध रचले होते. सरांनी त्याला दुजोरा दिला नव्हता. नाकारलेही नव्हते.

गुडघ्यात त्यानंतर भार घेताना कळ येई. कळ येण्याआधी सर क्षणभर थांबत, कंबरेने तिला चुकवत, आणि मग पाय टेकवत. ही त्यांची खाजगी तडजोड होती. ती कोणी शिकेल, हे त्यांच्या गावीही नव्हते.

शस्त्रक्रियेनंतर वर्ग चालवायची जबाबदारी त्यांनी सगळ्यांत जुन्या विद्यार्थिनीवर सोपवली होती. त्या दातांच्या डॉक्टर. दिवसभर लोकांच्या जबड्यांवर वाकून मान आखडली म्हणून आल्या आणि मान सुटल्यावरही राहिल्या. सगळे त्यांना 'बाई' म्हणत. बोलणे मोजके, मनगटे लोखंडी. सर खुर्चीवरून पाहत होते आणि बाई पुढे उभ्या राहून त्यांचा गुडघा, त्यांचीच दुखरी वर्षे, विलक्षण नजाकतीने करून दाखवत होत्या.

"कसं वाटलं, सर?" संपल्यावर न्यायाधीशांनी विचारले. निवृत्त होऊनही त्यांचा आवाज अजून निकाल देण्याच्या उंचीवर होता.

"ते मध्ये..." सर म्हणाले, "तुम्ही सगळे मध्ये थांबता ते..."

"विसावा!" न्यायाधीशांचा चेहरा उजळला. "जमतोय ना? माझा रक्तदाब त्या विसाव्याने उतरला, सर. गोळ्यांनी नाही."

"विसावा कसला, काका," पहिलवान मागून म्हणाला. "सापळा आहे तो."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सरांचे वर्ग दोन होते. सकाळचा तब्येतीचा, संध्याकाळचा लढाईचा. साखळी, म्हणजे एकात एक गुंफलेल्या हालचालींची ती लांब माळ, दोन्हीकडे एकच. रविवारी दोन्ही वर्ग एकत्र येत आणि एकमेकांना पाण्यात पाहत. सकाळचे संध्याकाळच्यांना 'मारकुटे' म्हणत. संध्याकाळचे सकाळच्यांना 'हवा खाणारे'. सकाळच्यांच्या मते त्या थांबण्यात श्वास बेंबीखाली उतरतो आणि मन निवते. संध्याकाळच्यांच्या मते तिथे प्रतिस्पर्ध्याला वाटते, हा अडला. तो आत घुसतो, आणि घुसला की गेला. बाकी सगळ्या बाबतींत वाद; पण साखळीचे सारे मर्म त्या अर्ध्या श्वासात आहे, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. सरांच्या गुडघ्याने जे जोडले होते, ते त्यांच्या शिकवण्याला कधी जमले नव्हते.

घरी येऊन सरांनी हे बायकोला सांगितले. तिचे बुटांचे दुकान होते. वर्गातले सगळे सरावाचे कापडी बूट तिच्याकडूनच घेत आणि तळ बदलायलाही तिच्याकडेच आणत. ती एका बुटात कागदाचे बोळे कोंबत होती. तिने मानही वर केली नाही.

"म्हणजे तुम्ही नाही शिकवलंत ते?"

"मी कशाला शिकवीन? ते लंगडणं आहे!"

"अहो, मला वाटलं, त्यातलंच काहीतरी असेल. सगळ्यांचे उजवे तळ झिजलेले असतात, डावे कोरे करकरीत. किती वर्षं मी नुसते उजवेच तळ बसवतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? मागं एकदा बोलले होते, तर म्हणालात, हे दुकानात बसून कळायचं नाही." तिने दुसरा बूट घेतला. "पण एक सांगू? तुमच्यासारखे नाही हो झिजत त्यांचे. तुम्ही चवडा घासायचात, भीतभीत. ते टाचेवर छान गोल झिजवतात. खुशीने."

"लंगडण्यात कसली खुशी?"

"ते तुम्ही त्यांना विचारा. मी आपली दुकानात बसणारी बाई."

त्या रात्री सरांचा डोळा लागला नाही. त्यांना आपले गुरू आठवत होते. बगळा पंख पसरतो त्या हालचालीत गुरू हनुवटी जराशी उचलत. ती उचल सरांनी तीन वर्षे घोटली होती आणि पुढे आपल्या वर्गाला तिचा अर्थ समजावून सांगितला होता: आकाशाशी संवाद वगैरे. आता अंधारात त्यांना स्पष्ट दिसले, की गुरूंचा चष्मा नाकावरून घसरत असे. सरांनी कूस बदलली आणि तो विचार जिथून आला होता तिथे परत ढकलून दिला. हनुवटीचे पुढे बघता येईल. गुडघ्याचे मात्र आपल्या हयातीत, आपल्या हाताने निस्तरले पाहिजे. नाहीतर आपण गेल्यावर ही माणसे आणखी माणसांना शिकवतील, आणि एका स्टुलाची करणी पिढ्यान्‌पिढ्या विद्या म्हणून चालत राहील. शिकवणाऱ्याची म्हणून जी काही लाज उरली होती, ती सगळी आता या एका गोष्टीत येऊन साठली.

पट्टा सुटला. गुडघा बरा झाला. इतका, की सर्जनने आपली पाठ स्वतःच थोपटून घेतली. पुढच्या रविवारी सर पुन्हा वर्गापुढे, पाठमोरे, उभे राहिले.

आणि चालले. भार उजवीकडून निघाला आणि कुठेही न अडता, कोणालाही न विचारता, डावीकडे पोचला. किती वर्षांनी त्यांचा डावा पाय त्यांचा झाला होता. अडखळत, खोडत, पुन्हापुन्हा लिहिलेली ओळ एखाद्या सकाळी एका दमात पूर्णविरामापर्यंत जावी, तसे त्यांचे अंग साखळीतून गेले. घोड्याची आयाळ विंचरली गेली, बगळ्याने पंख पसरले; खिडकीतून आलेले ऊन फरशीवर सरकत होते आणि आपणही तसेच सरकतो आहोत, घर्षणावाचून, असे सरांना वाटले. डोळे ओले झाले. बरे झाले, आपण पाठमोरे आहोत.

साखळी संपवून ते वळले. वर्ग हळहळत होता.

दुसरा शब्द नाही. आजारी माणसाच्या खोलीतून बाहेर आलेल्या पाहुण्यांचे चेहरे असतात तसे ते चेहरे होते. मागे कोणीतरी कुजबुजले, "ऑपरेशनमध्ये गेलं वाटतं."

"काय गेलं?" सरांनी विचारले.

शेवटी न्यायाधीश पुढे झाले आणि त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "येईल, सर. शरीरावर मोठा आघात झालाय. हळूहळू येईल परत."

"काय येईल परत?"

"विसावा."

सरांनी दीर्घ श्वास घेतला. गेले काही आठवडे मनात घोळवलेले वाक्य आता बोलायचे होते. "ऐका. तो विसावाही नव्हता आणि सापळाही नव्हता. माझा गुडघा दुखायचा. मी लंगडत होतो. तुम्ही सगळे जे करताय ते माझं लंगडणं आहे."

मग एकेका चेहऱ्यावर, दिवे लागावेत तसे, समजुतीचे हसू उमटू लागले.

"सर," पहिलवान म्हणाला, "आमची फिरकी घेताय ना?"

"मी स्टुलावरून पडलो होतो. ट्यूबलाइट बदलताना."

यावर तर हशाच पिकला. एक जण म्हणाला, "आणि तुम्ही लोळवलेली ती तीन माणसं? ती कुठून पडली?"

"कुठली तीन माणसं?"

"सर सांगणार नाहीत," न्यायाधीश सगळ्यांकडे वळून म्हणाले. "मोठी माणसं अशीच असतात. आपल्या विद्येला लंगडणं म्हणतात. का? तर आपण तिला चिकटून बसतो की सोडून देतो, हे बघायला. परीक्षा आहे ही." आणि त्यांनी मूठ तळव्याला लावून सरांना वंदन केले. हा निकाल होता. त्यावर अपील नव्हते.

त्यानंतरचे आठवडे सरांनी सत्याची बाजू लढवण्यात घालवले, आणि सत्याला इतका दीनवाणा वकील क्वचितच मिळाला असेल. ते पुढे उभे राहून अखंड, निर्मळ साखळी करत. मागे वर्ग आदराने थबकत राही. त्यांनी एक्स-रे आणून दाखवला; पहिलवानाने तो उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "बघा, केवढा मार खाल्लाय." हळूहळू लोकांची नजर सरांच्या पाठीवरून सुटून बाईंच्या पाठीवर जाऊ लागली. त्या पहिल्याच रांगेत उजव्या टोकाला असत. रविवारी सगळी रांग नकळत तिरकी होई, उन्हाकडे झुकणाऱ्या रोपांसारखी. कोणी सरांचा अवमान केला नाही. त्यांच्यासाठी पाण्याचा पेला भरून ठेवला जाई, खुर्ची पुसली जाई. ज्या माणसाकडून आता काही शिकायचे नाही, त्याच्याशी किती प्रेमाने वागता येते, हे सर रोज अनुभवत होते.

एकदा त्यांनी बाईंनाच गाठले. "तुम्ही तरी समजून घ्या. तुम्ही डॉक्टर आहात. हाड आणि स्नायू तुम्हाला कळतात."

बाई बुटाचे बंद बांधत होत्या. "मला कळतंय, सर. तुम्ही खोटं बोलत नाही, हेही कळतंय."

"मग?"

"मग काय? मी ते काढायचा प्रयत्न केला. दोन दिवस. तुम्ही म्हणता तसं सरळ गेले." त्यांनी गाठ घट्ट केली. "सर, त्यात काही नव्हतं."

"काही नव्हतं म्हणजे?"

"रिकामं वाटलं. नुसतंच चालल्यासारखं."

हे सरांच्या वर्मी लागले. जी ओघवती साखळी त्यांनी पंधरा वर्षे तिच्या अभावातून ओळखली होती, जिच्यासाठी हाड कापून घेतले होते, तिला एका वाक्यात नुसते चालणे म्हटले गेले होते. आणि रागाच्या भरात, ज्यावर ताबा मिळवायला ते इतरांना शिकवत, सर बोलून गेले: "ठीक आहे. ही शेवटी लढायची विद्या आहे. मतं कशाला? रविवारी सगळ्यांसमोर ढकलहात करू. तुम्ही तुमचं थांबणं करा. ते पोकळ असेल तर तिथेच तुमचा तोल जाईल. गेला, तर दोन्ही वर्गांनी ते त्या दिवसापासून सोडायचं."

"आणि नाही गेला तर?"

तो प्रश्न सरांच्या मनाला शिवला नव्हता. "तर मी तुमच्या मागे उभा राहून शिकेन," ते म्हणाले. अशक्य गोष्टींच्या बाबतीत माणूस जसा उदार होतो, तसे.

ढकलहात म्हणजे दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, मनगटाला मनगट लावायचे आणि पावले टाकत, हिसका न देता, एकमेकांचा तोल काढायचा. ताकदीचे त्यात फारसे काम नसते. समोरच्याचा भार कुठे आहे हे कातडीने ऐकायचे आणि तो जिथे नसेल तिथे जायचे. सर यात मुरलेले होते. दुखऱ्या गुडघ्यानिशीही त्यांना वर्गात कोणी हलवले नव्हते. आता तर दोन्ही पाय होते.

रविवारी दोन्ही वर्ग भिंतीला टेकून बसले. सरांची बायकोही दुकान मदतनीस मुलीवर सोपवून आली होती. "तुमचं भांडण बघायला," असे तिने दारातच सांगून टाकले.

मनगटे जुळली. बाईंचे मनगट थंड होते, जरासे ओलसर. त्या घाबरल्या होत्या. सरांना ते कातडीतून ऐकू आले आणि त्यांना थोडी दयाही आली. एक पाऊल. दुसरे. सर वाट पाहत होते. त्या थांबण्याला जगात त्यांच्याइतके कोण ओळखत होते? त्याची चाहूल, त्याचा तो अर्धा श्वास, कंबरेचा चोरटा वळसा, सारे त्यांच्याच अंगात वाढले होते. आता बाईंचा भार उजवीकडून निघेल, मध्ये लोंबकळेल, आणि त्या क्षणी त्या कुठेच नसतील.

भार निघाला. बाई थबकल्या. सर आत शिरले: नव्या गुडघ्यावर, पूर्ण विश्वासाने, पंधरा वर्षांचे सगळे उधार चुकते करत.

आणि तिथे कोणी नव्हते. म्हणजे बाई होत्या, पण सरांचा जोर जिथे पोचला तिथून त्यांची कंबर केव्हाच उजवीकडे वळली होती. बोटभर खाली आलेल्या हाताने सरांचे मनगट आपल्याबरोबर खाली नेले होते. आणि अजून न टेकलेला, अजून कोणाचाच नसलेला त्यांचा डावा पाय, पाण्याचा अंदाज घेत घेत, सरांच्या टाचेच्या मागे येऊन अलगद बसला होता. सरांनी मागे सरकायचा प्रयत्न केला. मागे वाट नव्हती.

दाणकन आवाज झाला. खालच्या दुकानात गाद्यांचे ढीगच्या ढीग रचलेले होते. त्यांचा तिथे वर काही उपयोग नव्हता.

सर फरशीवर बसले होते. क्षणभर त्यांना नुसते आश्चर्य वाटले, लहान मुलाला वाटते तसे, रडण्याच्या आधीचे. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा!" न्यायाधीश उठून उभे राहिले होते. "स्वतः पडून दाखवलं! स्वतः! याला म्हणतात शिकवणं!"

"सर, काय पडलात!" पहिलवान धावत आला. "अगदी खरं वाटलं."

"मी खरंच पडलो."

"तेच म्हणतोय मी!"

सगळा वर्ग मुठी तळव्यांना लावून वाकला. बायकांमध्ये दोघी डोळे पुसत होत्या. भिंतीशी बसलेली सरांची बायको तेवढी वाकली नाही. तिने तोंडावर पदर घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते.

बाई जवळ येऊन गुडघ्यांवर बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "मी काय केलं?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही हो. मी नेहमीसारखीच थांबले. तुम्ही आलात, आणि माझा पाय... तो कुठे जातोय हे मला कळलंच नाही. गुडघ्याला लागलं का?"

"गुडघा ठणठणीत आहे," सर म्हणाले. इतकी निरुपयोगी बातमी त्यांनी आयुष्यात कोणाला दिली नव्हती.

बसल्याबसल्या ते हिशेब मांडू पाहत होते. कदाचित ते थांबणे पोकळच होते आणि चूक त्यांची होती: बऱ्या झालेल्या पायाच्या आनंदात त्यांनी सगळा भार एकदम पुढे टाकला, नवशिक्या टाकतो तसा. किंवा कदाचित वीस माणसांनी पंधरा वर्षे एखादी चूक इतक्या निष्ठेने केली, की तिच्या पोटी काहीतरी खरे जन्माला आले, आणि ज्याच्या दुखण्यातून ते आले त्यालाच तेवढे त्याचा पत्ता नव्हता. त्यांना दुखत होते म्हणून ते थांबत. या लोकांना काहीच दुखत नव्हते. ते थांबत, आणि त्या मोकळ्या जागेत आजूबाजूला पाहत. सर तिथे कधी राहिलेच नव्हते, नुसते दात आवळून ओलांडत आले होते. यातले कोणते खरे? विचारायचे कोणाला? करणारीला माहीत नव्हते आणि पडणाऱ्याचे कोणी ऐकत नव्हते.

तोवर वर्ग रांगा लावून उभा राहिला होता. पुढची जागा रिकामी ठेवली होती. सगळे सरांकडे पाहत होते, आठवड्यांनंतर प्रथमच, पूर्वीच्या नजरेने. किंबहुना पूर्वीपेक्षा दुणावलेल्या. त्या जागी जाऊन उभे राहायला काहीच करावे लागणार नव्हते. नुसते उठायचे, चार पावले चालायचे, पाठ करायची. हरण्यातून एवढी प्रतिष्ठा मिळते हे ठाऊक असते, तर माणसे जिंकण्याच्या भानगडीत पडली नसती.

सर उठले. कपडे झटकले. पुढच्या जागेकडे त्यांनी एकदा पाहिले, जरा जास्तच वेळ पाहिले. आणि रांगांमधून मागे चालत गेले, पार शेवटच्या रांगेत, पहिलवानाच्या शेजारी.

"काय नम्रपणा हा," पुढून न्यायाधीशांचा आवाज आला.

"नम्रपणा नाही. बोललो होतो ते करतोय."

"तेच ते," न्यायाधीश समाधानाने म्हणाले.

बायकोने आता पदर खाली घेतला होता. ती हसत नव्हती. ती त्यांच्या पायांकडे पाहत होती, दुकानात नवे गिऱ्हाईक आले की पाहते तशी.

बाई नाइलाजाने पुढे गेल्या आणि पाठमोऱ्या झाल्या. साखळी सुरू झाली. सर त्या पाठीकडे पाहत होते. पाठ काहीच सांगत नसते, हे त्यांना आता समजत होते. भार उजवीकडून निघाला. सगळा वर्ग थबकला, आणि सर त्यांच्यातून पुढे निघून गेले, ब्रेक न लागलेल्या सायकलसारखे. पुढच्या रांगेतल्या पाठीवर आपटता आपटता राहिले.

दुसऱ्या पावलाला त्यांनी मुद्दाम थांबून पाहिले. हे तर त्याहून वाईट झाले. कोणी नाव विचारल्यावर ते विसरलेल्या माणसाने थांबावे, तसे.

"सर, घाई नको," पहिलवान ओठ न हलवता कुजबुजला. "मलाही लई दिवस जमत नव्हतं."

"मग जमलं कसं?"

"तुमच्याकडे बघून."

"माझ्याकडे बघून नको सांगूस. तू काय करतोस ते सांग."

पहिलवान विचारात पडला. त्या विचारात त्याचे पाऊल चुकले, मग सावरले. "आपण जातोय, असं वाटू द्यायचं," तो म्हणाला, "आणि मग... जायचं की नाही, ते तिथं गेल्यावर ठरवायचं."

"तिथे म्हणजे कुठे?"

"आता बोलू नका, सर. आलं बघा."

भार पुन्हा निघाला होता. सरांचा डावा पाय जमिनीपासून सुटला. त्यात कुठेही, काहीही दुखत नव्हते. अंगाने सवयीने कळेची वाट पाहिली. कळ आली नाही. तिच्या जागी काय येते, हे पाहायला सरांनी पाय तसाच हवेत, टेकण्याच्या किंचित आधी, धरून ठेवला.

"जास्त झालं," पहिलवान म्हणाला. "पुन्हा."